निवृत्तीच्या पैशातून नाटक काढावे का?

अमळनेरच्या एका तरुण रंगकर्मीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्या संस्थेच्या नाटकाला राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर पारितोषिक मिळाले. तेच नाटक आता व्यावसायिक रंगभूमीवर आणावे, अशी त्याची इच्छा आहे. त्याचे वडील शिक्षक होते, ते यंदा निवृत्त झाले आणि मिळालेल्या रकमेतून पंधरा लाख रुपये मुलाच्या नाटकाला द्यायला ते तयार आहेत. नाट्यनिर्माता नेमके काय करतो, त्याचे आयुष्य कसे असते, खानदेशात राहून हा व्यवसाय करता येतो का आणि वडिलांचे पैसे यात घालावेत का, हे त्याने विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो. हे पैसे घालू नका. वडील आनंदाने देत असले तरी घेऊ नका. तुमचे नाटक कमी दर्जाचे आहे म्हणून मी हे सांगत नाही. ते मी पाहिलेलेही नाही. स्पर्धेतल्या नाटकाचा एक प्रयोग चांगला व्हावा यासाठी तीस माणसे तीन महिने राबतात, तो प्रयोग नाममात्र दराच्या तिकिटावर होतो, प्रेक्षकांत निम्मे आपलेच नातेवाईक आणि मित्र असतात, आणि दुसऱ्या दिवशी सेट मोडून गोदामात जातो. व्यावसायिक नाटकाचा पंचविसावा प्रयोग पहिल्याइतकाच चांगला व्हावा लागतो, तोही अनोळखी गावात, पूर्ण दराचे तिकीट काढून आलेल्या अनोळखी माणसांसमोर. त्या पंचविसाव्या प्रयोगाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो निर्माता. ते काम तुम्ही अजून केलेले नाही. ते शिकण्याची फी वडिलांच्या म्हातारपणातून भरणे योग्य नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी मूळचा जळगावचा. पहिली आठ वर्षे मी मुंबई-पुण्याची नाटके खानदेशात आणणारा स्थानिक ठेकेदार होतो, नंतर स्वतः निर्मितीत उतरलो, आणि आता या व्यवसायात मला तीस वर्षे झाली आहेत. त्या अनुभवावरून बाकीच्या प्रश्नांची उत्तरे देतो.

निर्माता म्हणजे भांडवल घालणारा माणूस, अशी समजूत सर्वत्र आहे. भांडवल घालणारा वेगळाही असू शकतो, आणि पुष्कळदा असतोही. निर्मात्याचे काम कुठून सुरू झाले हे समजून घ्यायचे असेल तर आपल्या रंगभूमीच्या आरंभाकडेच पाहावे. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत पहिला प्रयोग केला तेव्हा त्यांना संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता. खर्चाची चिंता दरबाराची होती. १८५१ साली चिंतामणराव गेले आणि आश्रय संपला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्यांनी खेळ केले. माझ्या मते आपल्या रंगभूमीवरचा निर्माता त्या प्रवासात जन्माला आला. गाडी कोण ठरवणार, नटमंडळींना जेवण कोण घालणार, जागेचे भाडे कोण देणार आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला पडदा उघडेल याची हमी कोण देणार, हे प्रश्न तेव्हा पडले आणि आजही तेच आहेत. फरक पडला आहे तो त्यांच्या तपशिलात.

तो तपशील असा. प्रथम संहिता हाती येते. लेखकाशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात प्रयोगाचे हक्क किती वर्षांसाठी, दर प्रयोगाला मानधन किती, इतक्या काळात इतके प्रयोग झाले नाहीत तर हक्क परत जातील का, अन्य भाषांचे आणि चित्रपटाचे हक्क कोणाकडे राहतील, हे सर्व स्पष्ट लिहिलेले असावे. तुमच्या नाटकाचा लेखक तुमचाच मित्र आहे असे तुम्ही लिहिता. मग तर करार अधिकच काळजीने करा, कारण मैत्रीत तोंडी ठरलेले शब्द दोघांना वेगवेगळे आठवतात. आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो, तेव्हा जुने नाटक पुन्हा आणतानाही वारसांची परवानगी लागते. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते हातात येण्यापूर्वी कोणतीही तारीख जाहीर करू नये. मग दिग्दर्शक, नेपथ्य, संगीत, प्रकाशयोजना, कलाकारांची निवड, तालमीच्या जागेचे भाडे, तालमीचा रोजचा चहा-नाश्ता, आणि त्यानंतर सर्वांत अवघड गोष्ट येते ती म्हणजे तारखा.

तारीख हा शब्द आमच्या धंद्यात श्वासासारखा आहे. मुंबईचे शिवाजी मंदिर, ठाण्याचे गडकरी रंगायतन, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर अशा नाट्यगृहांच्या तारखांचे वाटप काही महिने आधी होते, आणि शनिवार-रविवारच्या दुपारच्या व रात्रीच्या तारखा चालत्या नाटकांकडे असतात. नव्या निर्मात्याला मधल्या वारांवर भागवावे लागते. चांगले नाटक मंगळवारच्या दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे होते, वर्तमानपत्रातली जाहिरात मात्र रविवारच्याच दराने द्यावी लागते, आणि नाटक लोकांच्या कानावर जाण्यापूर्वीच हातातले पैसे संपतात. बहुतेक नवी नाटके वाईट असल्यामुळे बंद पडत नाहीत. तोंडी कीर्ती पसरायला जो दोन-तीन महिन्यांचा काळ लागतो, तेवढा दम निर्मात्याकडे उरत नाही म्हणून ती बंद पडतात. म्हणून भांडवलाचा हिशेब करताना पहिल्या प्रयोगापर्यंतचा खर्च हा अर्धाच हिशेब समजावा; पहिले तीस प्रयोग तोट्यात करण्याइतकी रक्कम बाजूला नसेल तर नारळ फोडू नये.

आता आकड्यांत पाहू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण प्रमाण खऱ्याच्या जवळचे आहे. सातशे खुर्च्यांचे नाट्यगृह धरा आणि तिकिटाचा सरासरी दर तीनशे रुपये धरा. चारशेवीस तिकिटे खपली, म्हणजे साठ टक्के, तर गल्ला १,२६,००० रुपये होतो. दौऱ्यावरच्या प्रयोगाचा खर्च मांडा: कलाकारांची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, मिळून ४५,०००, पडद्यामागच्या मंडळींचे १५,०००, कलाकारांची बस आणि सेटचा टेम्पो २५,०००, राहणे-जेवणे १८,०००, नाट्यगृहाचे भाडे आणि वीज १२,०००, जाहिरात १५,०००, लेखक-दिग्दर्शक-संगीतकार यांचे मानधन ८,०००. बेरीज १,३८,००० होते. साठ टक्के भरलेले सभागृह पाहून टाळ्या घेणारे कलाकार खूश असतात आणि निर्मात्याच्या खिशातून त्या रात्री बारा हजार गेलेले असतात. आणखी सत्तर तिकिटे खपली असती तर नऊ हजार उरले असते. साठ आणि सत्तर टक्क्यांमधली ही सत्तर माणसे गोळा करणे हाच आमचा व्यवसाय आहे, असे म्हटले तरी चालेल. उभारणीला पंधरा लाख लागले आणि प्रत्येक प्रयोगाला सरासरी पंधरा हजार उरले, तर मूळ रक्कम परत यायला शंभर प्रयोग लागतात, आणि सरासरी पंधरा हजार उरणारे नाटक हे चांगले चाललेले नाटक मानले जाते. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर लागत नाही, हा दिलासा आहे. राज्य शासनाचे अनुदानही आहे. परंतु ते नाटक रंगमंचावर येऊन परीक्षण समितीने पात्र ठरवल्यानंतर, झालेल्या प्रयोगांच्या हिशेबाने मिळते. ते भांडवलात धरू नये. मिळाले तर जुने देणे फेडायला वापरावे.

दौऱ्यावर निर्मात्याचा धोका ठेकेदार वाटून घेतो. तो ठरलेली रक्कम देऊन प्रयोग विकत घेतो आणि तिकिटे स्वतः विकतो, नफा-तोटा त्याचा. आपल्याकडच्या तमाशाच्या फडांतही हीच दोन रूपे आहेत. गावाने सुपारी देऊन लावलेला तमाशा वेगळा आणि मालकाने यात्रेत तंबू ठोकून तिकिटावर केलेला वेगळा. खानदेशातल्या फडमालकांकडून मी जे शिकलो ते मुंबईत कोणी शिकवले नसते. शंभरेक माणसांचा संसार ट्रकवर घालून, हंगामापूर्वी कलावंतांना उचल देऊन, पाऊस आणि पिकाचा अंदाज घेत सात-आठ महिने फिरणारा तो माणूस आमच्याहून कितीतरी अवघड निर्मिती करत असतो. त्याला निर्माता कोणी म्हणत नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पिकाचा अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरला. मुंबईचा निर्माता दिवाळीची सुट्टी पाहतो. खानदेशात नाटक लावणाऱ्याला कापसाची वेचणी आणि कापसाचा भाव पाहावा लागतो. पहिल्या वेचणीचा पैसा हातात आला की चोपडा, धरणगाव, पारोळ्याकडची कुटुंबे जळगावला खरेदीला येतात आणि त्याच फेरीत नाटकाचे तिकीट काढतात. रावेर-यावलकडचे केळी उत्पादक मात्र वर्षाच्या निरनिराळ्या वेळी येतात, कारण त्यांची कापणी कपाशीसारखी एका हंगामात आटोपत नाही. एप्रिल-मे हा शाळांच्या सुट्टीमुळे नाट्यव्यवसायाचा तेजीचा हंगाम, पण भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो, आणि वातानुकूलन नसलेल्या सभागृहात भरजरी शालू नेसून उभ्या असलेल्या अभिनेत्रीची दया येते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठवड्यात तर माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात. त्या आठवड्यात रात्रीचा प्रयोग लावू नये, दुपारचा लावावा, बायका गटाने येतात. असे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. ते तिकीट खिडकीवर बसून मिळते.

माझी पहिली खिडकी म्हणजे जळगावातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानातले अर्धे टेबल होते. समोर खुर्च्यांचा प्लॅन, हातात लाल-निळी पेन्सिल. अमळनेरहून आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले होते, "नाटक चांगलं शे ना भाऊ?" मी ते नाटक पाहिलेले नव्हते, तरी हो म्हणालो. प्रयोग संपल्यावर तो माणूस दाराशी थांबला, माझ्याकडे पाहिले, काही न बोलता गेला, आणि पुन्हा कधी माझ्या टेबलाशी आला नाही. त्यानंतर न पाहिलेल्या नाटकाचे एकही तिकीट मी विकले नाही. रात्रीची गाडी पकडून मुंबईला जायचे, प्रयोग पाहायचा, परत यायचे आणि मग करार करायचा, हा खर्च मी पुढे धंद्याचा भाग म्हणूनच धरला.

दौऱ्याचा भूगोलही समजून घ्या, कारण तो तुमच्या बाजूचा आहे. मुंबई-पुण्याचे नाटक नाशिकच्या कालिदास कलामंदिरात येते, तिथून आग्रा महामार्गाने धुळ्याला, आणि धुळ्याला सुरत-नागपूर महामार्ग मिळतो तो जळगाव-भुसावळ करत अकोला, अमरावती, नागपूरला जातो. म्हणजे या रस्त्याने विदर्भाच्या दौऱ्यावर निघालेल्या प्रत्येक नाटकाला खानदेशातून जावेच लागते, आणि एकाही प्रयोगाविना गेलेला दिवस निर्मात्याला बस, टेम्पो आणि राहण्याच्या खर्चासकट अंगावर पडतो. धुळ्याचे राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आणि जळगावचे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह या दोन ठिकाणी लागोपाठ दोन रात्री भरून देणारा विश्वासू माणूस निर्मात्यांना सतत हवा असतो. पूर्वी जळगावात बालगंधर्व खुल्या नाट्यगृहावर आभाळाकडे पाहत प्रयोग लावावे लागत. बंदिस्त नाट्यगृह झाल्यापासून हा विश्वासू माणूस होणे तुमच्या पिढीला आमच्याहून सोपे आहे.

निर्मात्याची परीक्षा कशी होते ते माझ्याच एका रात्रीवरून सांगतो. चाळीसगावचा प्रयोग होता. आदल्या रात्री मराठवाड्यातला प्रयोग करून कलाकारांची बस सकाळीच घाट उतरून आली, सेटचा टेम्पो मागून निघाला आणि कन्नड घाटात एक मालट्रक उलटल्यामुळे दुपारपासून अडकून पडला. नाटक दोन मजली वाड्यात घडणारे, जिन्यावरचे दोन प्रवेश महत्त्वाचे, आणि कपडेपटही त्याच टेम्पोत. रात्री साडेआठ वाजले, नऊचा प्रयोग, सभागृह भरलेले आणि टेम्पो जागचा हललेला नाही. दिग्दर्शक मुंबईहून फोनवर म्हणाले, रद्द करा, सेटशिवाय हे नाटक उभे राहणार नाही. त्यांचे म्हणणे नाट्यदृष्ट्या बरोबर होते. पण समोर सहाशे माणसे होती, त्यांतली कित्येक आसपासच्या खेड्यांतून आलेली, आणि त्यांची परतीची सोय प्रयोग संपण्याच्या वेळेशी बांधलेली. मी आमच्या सर्वांत ज्येष्ठ नटांना विचारले. ते म्हणाले, जिना आहे असे मी मानले तर त्यांनाही दिसेल; पण आधी त्यांना खरे सांगा.

नाट्यगृहामागच्या एका घरातून दिवाण, चार खुर्च्या आणि एक तिपाई मागून आणली. अंगावरच्या कपड्यांतच सर्वजण उभे राहणार होते. तिसऱ्या घंटेपूर्वी मी पडद्यापुढे गेलो आणि काय झाले, काय दिसणार नाही, हे जसेच्या तसे सांगितले, आणि ज्यांना पैसे परत हवेत त्यांना मध्यंतरापर्यंत खिडकीवर मिळतील असे म्हणालो. नऊ जण उठले. त्यांचे पैसे मी स्वतः दिले. बाकीचे बसून राहिले आणि तो प्रयोग आजवरच्या माझ्या चांगल्या प्रयोगांपैकी एक झाला, कारण नटांना आधार द्यायला शब्दांशिवाय काहीच उरले नव्हते. टेम्पो मध्यंतरात पोचला. सेट लावणारा माझा सहकारी दिवसभर उपाशी, तरी पंधरा मिनिटांत निम्मा सेट उभा करतो म्हणाला. मी नको म्हणालो, कारण अर्धे नाटक एका पद्धतीने पाहिलेल्या प्रेक्षकाला उरलेले दुसऱ्या पद्धतीने दाखवणे बरोबर नव्हते. तो पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग योग्यच होता आणि माझा निर्णयही, आणि दोन्ही योग्य असूनही कोणाला तरी दुखवावे लागते अशा जागी निर्मात्याला वारंवार उभे राहावे लागते. पुढच्या नाटकाच्या वेळी चाळीसगावची तिकिटे दोन दिवसांत संपली.

पैशाच्या बाबतीत एक नियम मी कधी मोडला नाही: प्रयोगाचे पैसे त्याच रात्री, मेकअप उतरेपर्यंत प्रत्येकाच्या हातात. आधी पडद्यामागचे कामगार, मग कलाकार, शेवटी मी. एका दौऱ्यात एका ठेकेदाराने तीन प्रयोगांचे पैसे बुडवले. त्याच्या शब्दावर विसंबून मी आगाऊ रक्कम घेतली नव्हती. त्या तीन रात्री मी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून भागवल्या, आणि त्या सोडवायला मला चौदा महिने लागले. तेव्हापासून निम्मी रक्कम करारावेळी आणि उरलेली पहिल्या घंटेपूर्वी, यात मी मित्रालाही सूट देत नाही. तुम्ही स्वतः ठेकेदार झालात तर दुसऱ्या निर्मात्याला हीच रक्कम तो मागण्याआधी द्या. या धंद्यात बातमी फार लवकर पसरते, चांगली आणि वाईट दोन्ही.

खर्चाबद्दल आपल्याच मातीतले एक उदाहरण आहे. बालगंधर्वांच्या बालपणातला काही काळ जळगावात गेला आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथेच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले, याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. १९१३ मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. खरे भरजरी शालू, खरे दागिने, उंची अत्तरे, गालिचे, यांत त्यांनी कधी हात आखडला नाही, आणि महाराष्ट्राने त्यांच्यावर अपार प्रेम करूनही मंडळी कर्जात बुडाली. मी हे त्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या वैभवाने आपल्या रंगभूमीची अभिरुची घडवली. पण त्या अलौकिक नटाजवळ खर्चाला नाही म्हणण्याचा अधिकार असलेला निर्माता सतत उभा असता तर, हा विचार मला नेहमी छळतो. तुमचा दिग्दर्शक तुम्हाला फिरता रंगमंच मागेल. तो नाटकाला हवा आहे की दिग्दर्शकाला, हे तुम्हाला ओळखता आले पाहिजे, आणि तो नाटकालाच हवा असेल तर तो एका टेम्पोत मावतो का आणि चार तासांत लागतो का, हे सुताराबरोबर बसून तपासता आले पाहिजे.

कलाकारांविषयी थोडक्यात. ज्यांचे नाव पाहून तिकीट खपते ते बहुतेक जण मालिकांच्या चित्रीकरणात असतात, आणि मालिकेची तारीख बदलली की तुमचा दौरा बदलतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेसाठी बदली कलाकार पहिल्या महिन्यातच तयार ठेवावा आणि त्याला निदान एक प्रयोग प्रत्यक्ष करू द्यावा. नाहीतर ऐनवेळी उभा राहिलेला माणूस केवळ पाठांतर म्हणून दाखवतो.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली तेव्हा माझे एक नाटक एकोणपन्नासाव्या प्रयोगावर थांबले. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाच्या दिवशी, निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाले आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा निम्म्या क्षमतेने सुरू झाले. वर मांडलेला हिशेब पुन्हा पाहिलात तर पन्नास टक्के खुर्च्यांवर नाटक करणे म्हणजे काय ते समजेल. त्या काळात सेट ठेवलेल्या गोदामाचे भाडे चालूच होते, आणि रोजच्या प्रयोगावर ज्यांची चूल पेटते त्या प्रकाश, ध्वनी, कपडेपट आणि रंगभूषेच्या माणसांकडे दुसरे काही नव्हते. मी दरमहा जेवढे देता आले तेवढे देत राहिलो आणि शेवटी तो सेट लाकडाच्या भावाने विकला. पन्नासावा प्रयोग झाला नाही. तुमच्या वडिलांचे पंधरा लाख त्या वेळी माझ्या नाटकात असते तर मी त्यांना काय सांगितले असते, याचे उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून ते पैसे घालू नका, असा सुरुवातीपासून माझा आग्रह आहे.

आयुष्य कसे असते, हे तुम्ही विचारलेत. शुक्रवार ते रविवार तुम्ही घरी नसता. दिवाळी, गणपतीनंतरचे दिवस, २६ जानेवारी, नातेवाइकांची लग्ने, म्हणजे लोक ज्या दिवशी मोकळे असतात तो प्रत्येक दिवस तुमच्या कामाचा. माझ्या मुलीच्या दहावीच्या निकालाची बातमी मी अकोल्याला तिकीट खिडकीवर ऐकली. पत्नीने हिशेबाच्या वह्या पंचवीस वर्षे लिहिल्या आणि प्रत्येक संहिता माझ्याआधी वाचली. तिने नको म्हटलेली दोन नाटके मी केली आणि ती दोन्ही पडली. घरच्यांशी आधी मोकळेपणाने बोला, आणि ते बोलणे केवळ पैशांविषयी नसावे. याची दुसरी बाजूही खरी आहे. रात्री साडेबाराला प्रयोग संपल्यावर सगळी मंडळी माझ्या अंगणात पंगतीला बसतात, कळण्याची भाकरी, भरीत आणि शेवभाजी असते, आणि मुंबईचा मोठा नट नाकाडोळ्यांतून पाणी गाळत आणखी रस्सा मागतो, तेव्हा मला दुसरा कोणताही व्यवसाय नको असतो.

खानदेशात राहून हे करता येते. निर्मितीची तालीम आणि पहिले प्रयोग मुंबई-पुण्यात करावे लागतील हे खरे, कारण कलाकार आणि तारखा तिथे आहेत. पण दौऱ्याचा पाया ज्याच्या हातात आहे तो तिथल्या निर्मात्याच्या बरोबरीने टेबलाशी बसतो. म्हणून माझा सल्ला असा आहे. येत्या हंगामात, कापूस घरात आल्यावर, एखादे चालते नाटक स्वतः पाहून अमळनेर किंवा जळगावसाठी ठेक्याने घ्या. एक प्रयोग, स्वतःच्या पगारातून साठवलेल्या किंवा चार मित्रांनी समान वाटणीत घातलेल्या पैशांतून, बुडाले तरी कोणाची झोप उडणार नाही एवढ्याच रकमेचा. प्लॅन घेऊन स्वतः बसा. कोण कुठून आले, कुटुंबासह आले की एकटे, मागची ओळ का रिकामी राहिली, हे लिहून ठेवा.

आणि स्पर्धेतले नाटक बंद करू नका. त्याचा सेट दोन माणसांना जीपमध्ये घालता येईल इतका लहान करा, आणि पारोळा, एरंडोल, चोपडा, शिरपूर, नंदुरबार इथल्या शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांत पन्नास रुपयांच्या का होईना, पण तिकिटावर करा. फुकट करू नका, पासही वाटू नका. लेखक मित्राला प्रत्येक प्रयोगाचे शंभर रुपये तरी सही घेऊन द्या. असे दहा प्रयोग झाले की शंभर पानी वहीत जमा-खर्च मांडून ती वडिलांपुढे ठेवा. ते आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासत आले आहेत. ती वही तपासल्यावरही त्यांना पैसे द्यावेसे वाटले, तर पंधरा लाखांऐवजी एक लाख घ्या, आणि तेही भागीदारीचा कागद करून.